श्रावणाचा एकच फोल्डर

बेबीताईंच्या गळ्याचं ऑपरेशन नागपूरला झालं, त्याला आता दीड वर्ष होत आलं. तेव्हापासून त्या बोलत नाहीत. गळ्यावर पुढून एक बारीक भोक ठेवलेलं आहे, त्यावर पांढरा मलमलीचा रुमाल बांधलेला असतो आणि मांडीवर शाळेतल्यासारखी काळी पाटी. बोलायचं असलं की त्या पाटीवर लिहितात. समोरच्याचं वाचून झालं की कमरेला खोचलेल्या ओल्या फडक्यानं पुसतात.

आमच्या बाभुळगावच्या महिला भजनी मंडळात बावीस वर्षं त्या पुढे गायच्या. आम्ही नऊ जणी मागे. त्यांनी कडवं म्हणायचं, आम्ही धृपद धरायचं, एवढीच वाटणी. कडवं कसं चढतं, कुठं वळतं, हे आमच्यापैकी कोणी शिकून घेतलं नाही. गरजच पडली नाही.

तीन वर्षांमागे श्रावण अधिक आला होता. अधिक महिन्यात माणूस काहीतरी जास्तीचं धरतो. कोणी एकवेळ जेवतं, कोणी तेहतीस अनारशांचं वाण देतं, कोणी लेक-जावयाला धोंड्याचं जेवण घालतं. बेबीताईंनी नेम धरला की महिनाभर रोज एक भजन नव्या चालीत म्हणायचं. शब्द जुनेच, संतांचे. चाल त्यांची स्वतःची. सकाळी भाकरी थापता थापता त्या चाल बसवायच्या आणि दुपारी चारला मारुतीच्या देवळात म्हणायच्या. मी माझा मोबाइल त्यांच्यापुढे पाटावर ठेवून रोज रेकॉर्ड करून घ्यायचे. तीस दिवस, तीस भजनं.

यंदा पुन्हा अधिक आला, ज्येष्ठ. सतरा मेपासून. पाडव्याच्या दिवशी मंडळाच्या बायका बेबीताईंकडे जमल्या होत्या, तेव्हा त्यांनी पाटी लिहून सगळ्यांसमोर फिरवली.

"अधिकात तीसही भजनं म्हनायची. माह्या चालीत."

सुखीबाई तांड्यावरून येते, झांज वाजवते. तिला वाचता येत नाही आणि ऐकायलाही जरा कमी येतं. तिनं मला कोपरानं ढोसलं. "काय लिवलं वो?"

मी सांगितलं.

"मोठ्यानं सांग न बाई. तुहं बोलनं तुह्याच नाकात राह्यते."

मी पुन्हा सांगितलं. सुखीबाईनं झांज मांडीवर ठेवली. "तीस चाली? कोनाले येते त्या? आपल्याले तर नुसतं मागून ओरडता येते."

बेबीताईंनी पाटी पुसली आणि लिहिलं, "प्रभाजवळ हाय सगयं."

प्रभा म्हणजे मी, प्रभावती. मी मान हलवली. होतंच माझ्याजवळ. म्हणजे माझ्याजवळ नव्हतं, माझ्या मुलीच्या, सलोनीच्या खात्यात होतं.

त्या वर्षी सलोनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. माझा मोबाइल साधा, चार-पाच रेकॉर्डिंग झाली की जागा भरली म्हणायचा. तिनं तिच्या कॉलेजचं खातं माझ्या मोबाइलात घालून दिलं. मी रेकॉर्ड करून नाव लिहिलं की ते वर जायचं आणि मोबाइल मोकळा व्हायचा. "वर म्हणजे कुठं?" मी विचारलं होतं. "क्लाउडवर, आई. म्हणजे दूर कुठंतरी मोठाल्या मशिनी असते, त्याच्यात." तिथं तिनं दोन फोल्डर करून ठेवले होते, एक अधिक, एक निज. अधिकात बेबीताईंची भजनं. पुढच्या महिन्यात, निज श्रावणात, मी रोज पोथीचा एक अध्याय वाचते, तो सलोनी म्हणाली म्हणून रेकॉर्ड करत गेले. होस्टेलवर ऐकीन म्हणाली होती. किती ऐकला ते मी विचारलं नाही. नाव मी प्रत्येकाला तिथीचं द्यायचे. श्रावण शुद्ध प्रतिपदा, श्रावण शुद्ध द्वितीया. मला तारीख लक्षात राहत नाही, तिथी राहते.

एप्रिलात एका सकाळी सलोनीचा पुण्याहून फोन आला. उठल्यापासून पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. घरात सगळ्यांना ते माहीत आहे. मी फोन उचलून कानाला लावला.

"मौनात आहेस न? मग एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ऐक. कॉलेजचा मेल आला. जुन्या पोरांची खाती तीस एप्रिलले बंद करून राह्यले. तुझं सगळं रेकॉर्डिंग त्याच्यातच हाय. ते घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घे. समजलं?"

मी दोन टिचक्या मारल्या.

"वाटलंच मले. पूजा झाली की फोन कर."

पूजेनंतर वही घेऊन बसले. सलोनीनं सांगितलं ते ओळीनं लिहून घेतलं. कॉम्प्युटर लॉकडाउनमध्ये तिच्याच अभ्यासाला घेतलेला. आता मधल्या खोलीत टेबलावर असतो. त्यावर मी विणलेलं झाकण आणि खालच्या डब्यावर दसऱ्याचं हळदकुंकू.

"उतरवलं की एक बंद गाठोडं येते," ती म्हणाली. "ते उघडायचं, त्यातलं काढून आपल्या फोल्डरात टाकायचं. मग दुसरं गाठोडं. तसंच करायचं."

"आपल्या कोणत्या फोल्डरात?"

"तू बनव न आई. तुले सापडन असे."

"आणि त्यानं काही विचारलं तर?"

"पहिल्या ओळीवर दाबजो. घाबरू नको. ते विचारतच राह्यते."

मी बारा फोल्डर केले. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, असे फाल्गुनापर्यंत. माझ्या देवघरातल्या कपाटातही पोथ्या, कहाण्या, आरत्यांची पुस्तकं अशीच महिन्यानं लावलेली आहेत. मार्गशीर्षातल्या गुरुवारची कहाणी मार्गशीर्षात, चैत्रगौरीची गाणी चैत्रात. अधिक महिन्याला स्वतःचं नाव नसतं. तो पुढच्या महिन्याचं नाव घेऊन येतो. म्हणून त्याला मी वेगळा खण कधी केला नव्हता, तसा फोल्डरही केला नाही. श्रावणाचा एक फोल्डर होता, तो पुरे वाटला.

मोहिनी एकादशीच्या दिवशी मला वेळ होता. उपास, त्यामुळे स्वयंपाक यांच्यापुरताच. नेटसाठी यांचा मोबाइल खिडकीत ठेवून घेतला.

"माहा फोन काय देवाले वाह्यला काय?" हे म्हणाले. "मले वावरात जायचं हाय."

"संध्याकाळी मिळेल."

"कोनाचा फोन आला तं?"

"मी सांगीन वावरात गेले म्हणून."

"तू सांगशीन, अन् समोरच्याले आयकू येईन?" एवढं बोलून ते फोनशिवाय गेले.

पहिलं गाठोडं अधिकाचं. दोनदा लाईट गेली, दोनदा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. अकराच्या सुमारास पूर्ण उतरलं. उघडलं, त्यातलं सगळं श्रावणात टाकलं. शुद्ध प्रतिपदेचं लावून पाहिलं. बेबीताईंचा आवाज खोलीभर झाला. तो आवाज कसा होता ते मी सांगू शकत नाही. एवढंच सांगते की हे वावरातून पाणी प्यायला आले होते, ते तांब्या हातात धरून दारात उभे राहिले आणि भजन संपेपर्यंत प्यायले नाहीत.

"काय आवाज होता बाईचा," म्हणाले, पाणी प्यायले आणि परत गेले.

दुपारी दुसरं गाठोडं आलं, निजाचं. तेही श्रावणात टाकलं. तेव्हा पडद्यावर एक चौकोन उघडला, इंग्रजीत तीन ओळी. मी वही पाहिली. पहिल्या ओळीवर दाबलं. हिरवी पट्टी भरली आणि चौकोन गेला. मग मी फोल्डरातल्या फाइली मोजल्या. तीस होत्या. महिन्याच्या तीस तिथी, तीस फाइली. मला बरोबर वाटलं.

दोन्ही गाठोडी रिकामी झाली म्हणून पुसून टाकली. पडद्याच्या कोपऱ्यात कचऱ्याची टोपली असते, ती भरलेली दिसायला लागली. भरलेली केराची टोपली घरात ठेवायची मला सवय नाही. तीही रिकामी केली. झाकण घालून कॉम्प्युटर बंद केला आणि संध्याकाळच्या दिव्याची तयारी केली. गुरुवारी तीस एप्रिल होऊन गेला.

रविवारी, तीन मेला, मंडळ आमच्याकडे जमलं. रोज दोन-दोन भजनं ऐकायची, कडवी उतरवून घ्यायची, आणि पंधरवड्यात जमतील तेवढी बसवायची, असं ठरलं होतं. बेबीताईंना मी आरामखुर्ची दिली. त्या नवं लुगडं नेसल्या होत्या. मी शुद्ध प्रतिपदा लावली.

माझा आवाज आला. पोथीचा पहिला अध्याय, बारीक आवाजात, मध्येच कुकरची शिट्टी.

बायका हसल्या. मीही म्हटलं, चुकीचं लागलं. द्वितीया लावली. माझा आवाज. तृतीया लावली.

"हे तं तुहंच व्हय वो प्रभाबाई," सुखीबाई म्हणाली. तिला ऐकू यावं म्हणून आवाज पूर्ण वाढवलेला होता. "बेबीताई कुठी गेली?"

मी एकादशी लावली, पौर्णिमा लावली. बेबीताईंकडे मी पाहिलं नाही. सलोनीला फोन लावला आणि सगळ्यांसमोर ठेवला.

"थांब आई, नीट सांग. दोन्ही गाठोडी कुठं टाकली?"

"श्रावणात."

"एकाच फोल्डरात?"

"श्रावण एकच असतो ना. अधिक काय, निज काय."

सलोनी सावकाश म्हणाली, "आई, एकाच फोल्डरात एका नावाच्या दोन फाइली राहत नाही. दुसरी आली की पहिली जाते. अधिकातली शुद्ध पंचमी अन् निजातली शुद्ध पंचमी, नाव सारखंच. त्यानं तुले विचारलं असन, पहिली काढून ही ठेवू काय म्हणून."

"विचारलं होतं. मी पहिल्या ओळीवर दाबलं."

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "गाठोडी? ती असतील न?"

"पुसली."

"कचऱ्याच्या टोपलीत असतीन."

"ती रिकामी केली."

"टोपली काहून रिकामी केली, आई?"

केर टाकतात म्हणून टाकला. सलोनीनं तिथूनच खातं उघडून पाहिलं. ते बंद झालं होतं. कॉलेजला मेल पाठवते म्हणाली. उत्तर चार दिवसांनी आलं की जुन्या खात्यांतलं सगळं काढून टाकलेलं आहे.

फोन ठेवला तेव्हा बेबीताईंनी पाटी हातात घेतली होती. आम्ही वाट पाहिली. त्यांनी पाटी उलटी करून काखेत घातली, उठल्या, आणि चपला घालून निघून गेल्या. सुखीबाई मागोमाग गेली आणि फाटकापासून परत आली.

"ते नाई थांबली," म्हणाली. "राहू दे. तू काय मुद्दाम केलं काय."

माझ्या आवाजानं बेबीताईंचा आवाज काढून टाकला होता. मुद्दाम केलं असतं तर देवापुढे काय सांगायचं ते तरी कळलं असतं.

त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर मी श्रावणातल्या तीसही फाइली एकेक लावून पाहिल्या. प्रत्येकीचं पहिलं अर्धं मिनिट. सव्वीस माझ्या निघाल्या. वद्य तृतीया लावली आणि बेबीताईंचा आवाज आला. मी ती पुन्हा लावली. मग चतुर्थी, पंचमी, षष्ठी. चारही त्यांच्याच. सप्तमीला परत मी.

हे चार दिवस कसे राहिले, ते लगेच ध्यानात येईना. माझी जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही. त्या वर्षाचं काढलं. निज श्रावणातल्या वद्य तृतीयेवर पेन्सिलीनं बारीक फुली होती. मी तेव्हा शेहेचाळीसची होते. त्या चार दिवसांत मी पोथीला, देवाला हात लावत नसे. वाचलंच नाही, म्हणून रेकॉर्ड केलं नाही. अधिकातल्या तशा दिवसांत मोबाइल आत पाठवून मी देवळाबाहेर बसले होते. त्या चार नावांची फाइल निजात नव्हतीच, म्हणून अधिकातली जागेवर राहिली.

दुसऱ्या दिवशी यांनी कॉम्प्युटरचा डबा पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवर यवतमाळला नेला. तिथे एक जण पुसलेलं परत काढून देतो म्हणतात. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला. काही फाइलींची नावं निघाली, आत आवाज नव्हता. उघडल्या तर नुसती खरखर.

मंगळवारी अंगारकी होती. एसटीनं कळंबला गेले. चिंतामणीच्या दारी अंगारकीला असते तशी रांग होती. अडीच तासांनी पायऱ्या उतरून गाभाऱ्यापाशी पोचले. हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला की येणारा अधिक महिना मी पूर्ण मौन धरीन. माझ्या आवाजानं जे गेलं, त्याचं हे प्रायश्चित्त. पाणी सोडल्यावर मला हलकं वाटलं. परतीच्या गाडीत बसायला जागासुद्धा मिळाली.

बुधवारी मोबाइलात ती चार भजनं घेऊन बेबीताईंकडे गेले. त्यांच्या सुनेनं दार उघडलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, राग आहे अजून. बेबीताई मागच्या अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. मी जवळ बसले आणि काही न बोलता वद्य तृतीया लावली.

सूप थांबलं. त्यांनी चारही भजनं शेवटपर्यंत ऐकली. तिसऱ्यात एका ठिकाणी त्यांचा खालचा ओठ हलला. संपल्यावर फडक्यानं हात पुसले, पाटी घेतली.

"बाकीचे?"

"नाही. यवतमाळलाही नाही निघाले."

"मंग हे च्यार कसे राह्यले?"

मंडळात मी हे कोणाला सांगितलं नसतं. त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. कोणते चार दिवस, आणि का वाचलं नव्हतं. बेबीताई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसतात तेव्हा आवाज होत नाही, रुमालामागून शीळ घातल्यासारखी हवा येते. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या, आणि लिहिलं:

"देवाले चालत नव्हतं ते मले चाललं."

मीही हसले. राग गेला असं मला वाटलं, म्हणून मी संकल्पाचं सांगितलं. कळंबला जाऊन आले, महिनाभर मौन धरणार आहे.

त्यांचा चेहरा बदलला. पाटी इतक्या जोरानं लिहिली की पेन्सिलीचा तुकडा उडाला.

"मी मुकी. आता तूबी मुकी. मंग गाईन कोन? बबनराव?"

बबनराव म्हणजे आमचे हे. त्यांच्या गाण्याची कल्पना करूनच मागे उभी असलेली सून फिसकन हसली.

"ताई, चाली राहिल्या कुठं म्हणायला?"

त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. मग लिहिलं, "इथं हाय तीसही. गया नाही फक्त. तुहा दे."

"माझ्या गळ्यातून काय निघणार ताई. दुसऱ्या कोणाला घ्या."

"पुसलं कोनं?"

त्यांनी पाटी पुसली, पुन्हा तेच दोन शब्द लिहिले आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"पण संकल्प सोडला आहे. चिंतामणीसमोर पाणी सोडलं मी."

बेबीताईंनी थोडा विचार केला. त्यांनीही आयुष्यभर नेम पाळलेले आहेत, संकल्प म्हणजे काय ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती. मग लिहिलं, "भजन बोलनं नाही." आणि त्याखाली एक रेघ ओढली.

घरी येऊन मी त्यावर दोन दिवस विचार केला. मौन मला सोपं होतं. सकाळचं मौन मी पंचवीस वर्षं पाळते आहे, त्यात दिवस वाढवले तर माझं काही बिघडणार नव्हतं. शनिवारी पूजेनंतर चिंतामणीच्या तसबिरीपुढे सांगितलं की अधिकात दिवसभर बोलणार नाही, फक्त चार ते सहा भजन म्हणेन. आणि दुपारी बेबीताईंकडे गेले.

आठ दिवस होते. रोज दुपारी बसलो. बेबीताई हाताचा पंजा वरखाली करून सूर दाखवायच्या, दुसऱ्या हातानं मांडीवर ठेका. मी म्हणायचे. चुकलं की पंजा आडवा. त्या चार भजनांतून त्यांची वळणं समजायची, पण बाकीच्यांत अंदाजच. एकेक ओळ दहा-दहा वेळा. कधी त्या स्वतःच थांबायच्या, डोळे मिटून बोटं हवेत धरायच्या, आणि मग मान हलवायच्या. डोक्यात असलेलंही त्यांना बोटांतून काढता येईना. तेव्हा त्या पाटीही लिहायच्या नाहीत, उठून माठातलं पाणी पिऊन यायच्या.

माझ्या आवाजाचं त्यांना वेगळंच. पहिल्या दिवशी तीनदा लिहिलं, "मोठ्यानं."

"देवाला ऐकू जातं ताई."

"देव बहिरा नाही. पन सुखी हाय."

झांज घेऊन शेजारी बसलेल्या सुखीबाईला मी हे वाचून दाखवलं नाही, तरी तिला कळलं. "माह्यावर काय लिवलं?" म्हणाली. "हसून राह्यल्या तुम्ही दोघी. लिवा, लिवा. मले वाचता येत नाई म्हनून बरं हाय तुमचं."

पुढच्या शनिवारी संध्याकाळपर्यंत अकरा चाली बेबीताईंच्या पंजातून सुटल्या. पूर्ण बरोबर एकही नव्हती, पण त्यांनी होकार दिला होता. ती चार मिळून पंधरा. बाकीच्या पंधरा महिना चालू असताना बघू, असं त्यांनी लिहिलं.

रविवारी, सतरा मेला, अधिक लागला. चारच्या उन्हात देवळाची फरशी इतकी तापलेली होती की आधी दोन बादल्या पाणी मारलं. मंडळाच्या आम्ही नऊ, गावातल्या वीस-बावीस बायका, आणि भिंतीला टेकून काही म्हातारे. बेबीताई नेहमीच्या जागी, पुढे, पाटावर. मी त्यांच्या डाव्या हाताला बसले. सकाळपासून एक शब्द बोललेले नव्हते, त्यामुळे घसा कोरडा पडला होता.

शुद्ध प्रतिपदेचं भजन. पहिलं कडवं जमलं. मागून धृपद आलं, सुखीबाईची झांज वेळेवर आली. दुसरंही गेलं. तिसऱ्या कडव्यात आवाज वर चढवायचा होता, तिथं माझा श्वास पुरला नाही. मी वर न जाता मधूनच वळून खाली आले. कसं वळले मला कळलं नाही. पण मागच्या बायकांनी ते तसंच उचललं आणि धृपदात मिसळलं.

बेबीताईंनी हात वर केला. ढोलकी थांबली, झांज थांबली. त्यांनी पाटी घेतली, लिहिलं, आणि माझ्यापुढे धरली. पुढच्या बायकांनाही दिसली.

"हे माही चाल नाही."

मी मान हलवली. नव्हतीच. भिंतीपाशी कोणीतरी खोकलं. बेबीताईंनी कमरेचं फडकं काढून पाटी पुसली. पाटी ओली होती, वाळेपर्यंत लिहिता येत नाही, म्हणून त्यांनी ती उन्हाकडे धरली. तेवढा वेळ सगळे थांबले होते. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. ओठ हलत होते, मी नुकतीच म्हटलेली ओळ त्या मनात म्हणून बघत असाव्यात. मांडीवर दोन बोटांनी ठेका धरला, एकदा, पुन्हा एकदा.

पाटी वाळल्यावर त्यांनी लिहिलं, "पुढं म्हन."

मी चौथं कडवं घेतलं.